आरशात पाहून केलेलं व्हायोलिन

सोनाजी मिस्त्री,

तुमची तेरवी होऊन नऊ दिवस झाले आणि मी अजून व्हायोलिनचा गज डाव्या हातातच धरतो आहे. घरात पत्नीने विचारलं, "आता कोणाला दाखवायचंय?" प्रश्न रास्त होता. जवळपास याच शब्दांत तो तुम्हीही मला विचारला होता.

हे लिहितो आहे तुम्हाला, पण छापायला देणार आहे. त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. चिखलीच्या शाळेतला संगीत शिक्षक म्हणून अठरा वर्षं मी तुमच्याविषयीची एक गंमत भर सभेत सांगत आलो. ती ऐकून हसलेली माणसं इथेच आसपास राहतात. काही माझे विद्यार्थी होते, आता त्यांची मुलं माझ्याकडे शिकतात. गंमत ज्यांनी ऐकली, त्यांनी तिची दुरुस्तीही वाचावी, एवढाच हेतू आहे.

ते व्हायोलिन मला खामगावला, जुन्या सामानाच्या एका दुकानात मिळालं, त्याला आता बावीस वर्षं झाली. पितळी समया, बंद घड्याळं आणि एक मोडका पाळणा यांच्यामध्ये ते खुंटीला टांगलेलं होतं. तारा नव्हत्या. लाखेचं पॉलिश काळपट झालं होतं, पण कडा इतक्या पातळ आणि एकसारख्या उतरवलेल्या होत्या, की मी हात मागे घेऊ शकलो नाही. वरच्या फटीतून टॉर्च मारली. आत वहीचा रेघी कागद चिकटवलेला होता आणि त्यावर शाईने लिहिलं होतं: सोनाजी सुतार, अमडापूर. मी पुण्याला शिकलेला माणूस. उत्तम व्हायोलिन समुद्रापलीकडून येतं, फार तर कोलकात्याहून येतं, अशी माझी समजूत होती. अमडापूर माझ्या शाळेपासून बसने तासाभरावरही नाही.

घरी आणून मी त्याला तारा चढवल्या. आवाज चमत्कारिक आला. खर्जाच्या तारा किरट्या, वरच्या तारा जाड आणि घोगऱ्या. मग दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा फटीतून आत घालून पाहिलं. वरच्या पाटीच्या आतल्या अंगाला परदेशी अक्षरं दिसली, आरशात उलटी. ती मी मनातल्या मनात सुलटी करून वाचली. कुठल्याशा यंत्राच्या खोक्यावरचा तो शिक्का होता; पाटी त्याच खोक्याच्या फळीची होती. आणि त्याच आरशात मला तुमची चूक दिसली.

संगीतातलं काही न कळणाऱ्या वाचकासाठी सांगतो. व्हायोलिनच्या पोटात एक बोटाएवढी काठी उभी असते आणि वरच्या पाटीला आतून एक लांब दांडी चिकटवलेली असते. काठी बारीक तारेच्या बाजूला, दांडी जाड तारेच्या बाजूला. जगभर हेच. तुमच्या व्हायोलिनमध्ये हे नेमकं उलटं होतं. खुंट्यांची जागासुद्धा उलट होती. मी निदान केलं की अमडापूरच्या या सुताराने कागदाचा फर्मा पालथा ठेवला असणार.

पुढच्या रविवारी मी तुमच्या दारात होतो. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही एका चौकटीवर रंधा मारत होतात. मी पेटी उघडली. तुम्ही रंधा बाजूला ठेवला, हात धोतराला पुसले, व्हायोलिन कानाजवळ नेलं आणि बोटाच्या पेराने पाठीवर एकदाच टकटक केलं.

"कोठी भेटलं हे तुमाले?"

"खामगावला. जुन्या सामानात."

"जित्तं हाय म्हणजे," तुम्ही म्हणालात.

मी तुमच्या कामाची स्तुती केली. ती खरी होती. मग म्हणालो, "पण मिस्त्री, आतून सगळं उलटं बसवलंय तुम्ही. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे."

"हो. उलटंच हाय ते."

"दुरुस्त करून द्याल?"

"नाई."

"चूक आहे ती, मिस्त्री."

"ज्याच्यासाठी केलं त्याच्यासाठी बराबर हाय ते."

मी हसलो. कारागिरांचा हेका मला माहीत होता, निदान मला तसं वाटत होतं. तुम्ही वाद वाढवला नाहीत, चहाला घरात बोलावलंत. भिंतीवर एक फोटो होता. तिशीतला एक माणूस बाकावर बसून व्हायोलिन वाजवतो आहे, मागे कसलीशी पाटी. "माहा मोठा भाऊ, शालिक," तुम्ही ओळख करून दिलीत. "खामगावले कापसाच्या जीनमंधी होता. वारला तीन वर्षांखाली."

मी जवळ जाऊन पाहिलं. गज त्यांच्या डाव्या हातात होता.

"हा फोटो उलटा छापलाय," मी म्हणालो. "निगेटिव्ह पालथी पडली की असं होतं."

"अस्सं?" तुम्ही म्हणालात आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवलीत.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला वीस वर्षं लागली.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते व्हायोलिन पुण्याला नेलं. तिथल्या कारागिराचा यात काहीही दोष नाही, हे मला नोंदवायचं आहे. त्याने मी सांगितलं ते केलं आणि चांगलं केलं. वरची पाटी सोडवली, तुमची दांडी तासून काढली, दुसऱ्या बाजूला नवी बसवली, काठी उजवीकडे उभी केली, खुंट्यांची भोकं बुजवून नवी पाडली. बंद करताना तो सरस, सुतारांचा गरम डिंक, लावणार होता. मीच म्हणालो, "आमच्याकडे उन्हाळा कडक असतो, सरस सुटतो. बाटलीतलं पक्कं काहीतरी लावा." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तेही केलं.

व्हायोलिन बरोबर वाजू लागलं. दुसऱ्या कुठल्याही बऱ्या व्हायोलिनसारखं. मी समाधानी होतो.

आणि मग मी ती गंमत सांगायला लागलो. आधी शिक्षकांच्या बैठकीत, मग कार्यक्रमांत. "या वाद्याचा जन्म अमडापूरचा, संस्कार पुण्याचे," अशी सुरुवात करायचो. मग फर्मा पालथा ठेवणाऱ्या मिस्त्रीची गोष्ट. चिखलीच्या सभागृहात एकदा रंगात येऊन मी एक वाक्य वाढवलं: "मला तर वाटतं, मिस्त्रीने ते आरशात पाहून बनवलं असावं!" हशा झाला. तिसऱ्या रांगेत मला तुम्ही दिसलात. शेजारी तुमचा मुलगा दिलीप बसला होता. दिलीप हसत नव्हता. तुम्ही हसत होतात, मान मागे टाकून, डोळे पुसत.

कार्यक्रम संपल्यावर तुम्ही गर्दीतून माझ्यापर्यंत आलात.

"मास्तर, तुमाले कसं कळलं?"

"काय?"

"आरशाचं. मी खरंच आरशात पाहून केलं होतं ते. वहिनीच्या रुखवतातला आरसा होता मोठा. असं फिडल ठेवलं, मांगं आरसा ठेवला, आन् आरशातलं पाहून पाहून माप घेतलं. आठ दिवस वहिनीले भांग पाडाले आरसा नाई भेटला, तं ते मले येडा बह्याड म्हणे."

मी तुमच्या खांद्यावर थाप मारली. खूप हसलो. पुढच्या कार्यक्रमापासून त्या गोष्टीला नवा शेवट जोडला: "आणि मित्रहो, मिस्त्रींनी हे स्वतः कबूल केलंय."

मिस्त्री, ही थाप मी अनेकदा आठवून पाहिली आहे. बायकोचा किंवा वहिनीचा आरसा आठ दिवस अडवून, प्रत्येक माप उलटं घ्यायची खटपट कोणी चुकून करत नाही. हे दहा वर्षांच्या मुलालाही कळलं असतं. तुम्ही नुसत्या नजरेने चौकट काटकोनात बसवायचात, आणि डावं-उजवं ओळखता न येणारा माणूस म्हणून मी तुम्हाला गावोगाव नेलं. "का?" हा एक अक्षराचा प्रश्न मी विचारला नाही. मला तुमच्याकडून माहिती नको होती, कबुली हवी होती. ती मिळाली असं वाटताच मी पुढे गेलो.

तरीही तुम्ही मला दाराशी उभं केलंत, हे मला आज सर्वांत जास्त जाणवतं. वर्षातून चार-पाच वेळा मी काही ना काही घेऊन यायचो. शाळेच्या पेटीचा भाता, गजाची तुटलेली टोपी, तंबोऱ्याची घोडी. तुम्ही चौकटीचं काम थांबवून ते करून द्यायचात. आपली भांडणं शब्दांवरून व्हायची. व्हायोलिनच्या पोटातल्या काठीला तुम्ही टेकू म्हणायचात, आतल्या दांडीला वासा, बाजूच्या पट्ट्यांना कूड. मी दर वेळी इंग्रजी नाव सांगायचो. तुम्ही दर वेळी ऐकून घ्यायचात आणि पुढच्या वाक्यात पुन्हा टेकू म्हणायचात. एकदा मी चिडून म्हणालो, "अहो मिस्त्री, ते घर नाही, वाद्य आहे." तुम्ही म्हणालात, "आत कोणी राहते तं ते घरच झालं ना मास्तर." मी विषय बदलला.

सरसावरूनही एक वाद झाला होता. दिलीप तेव्हा अॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कामाला लागला होता आणि तुमच्या डब्यातल्या सरसाच्या वासावर कुरकुरत होता. मी त्याची बाजू घेतली. म्हणालो, बाजारात आता पक्के डिंक मिळतात, एकदा चिकटलं की जन्मात सुटत नाही. तुम्ही डबा चुलीवरून उतरवत म्हणालात, "मंग चुकलं तं? सरस गरम पात्यानं सुटते. ज्यानं जोडलं त्याच्यावर उद्या उघडाची पाळी येते, म्हणून सरस. जन्मात सुटत नाई ते देवानं करावं, सुतारानं नाई." त्या दिवशी तुमच्या शेडमधल्या खिळ्याला माझ्या पेटीतलं ते व्हायोलिन टांगलेलं होतं. पक्क्या डिंकाने बंद केलेलं. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाहीत.

माझ्या लक्षात आलं तो दिवस सव्वा वर्षापूर्वीचा. तुम्ही आंघोळीला गेला होतात आणि मी घरात बसलो होतो. वेळ जात नव्हता म्हणून भिंतीवरच्या फोटोतली मागची पाटी वाचली: "येथे विडी ओढू नये." जिनिंगमध्ये कापसाला आग लागू नये म्हणून लावतात तशी पाटी. मी ती वाचली आणि दुसऱ्या विचाराकडे वळलोही. मग परत आलो. मला ती वाचता आली होती. अक्षरं सुलटी होती. फोटो उलटा असता तर अक्षरंही उलटी असती.

उठून जवळ गेलो. शालिकभाऊंचा गज डाव्या हातात होता, आणि तो तीनच बोटांनी धरला होता. मधली दोन बोटं पेरापाशीच संपत होती. वीस वर्षांत मी त्या फोटोखाली बसून किती चहा प्यालो असेन.

तुम्ही पंचाने डोकं पुसत बाहेर आलात.

"मिस्त्री, हा फोटो उलटा नाही."

"नाई."

"शालिकभाऊंची बोटं..."

"जीनमंधी गेली. पट्ट्यात हात सापडला. ज्या हाताची बोटं तारेवर नाचवाची तोच हात. नाटक कंपनीतल्या एका म्हाताऱ्याचं फिडल होतं, त्याच्यावर शिकला होता थो. बोटं गेल्यावर दोन महिने बोलला नाई कोणाशी. मंग मी म्हटलं, उजव्या हाताची बोटं तारेवर चालव, गज डाव्यात धर, मी तुले तसं करून देतो."

"मग तुम्ही मला हे कधी का सांगितलं नाही?"

तुम्ही पंचा दोरीवर टाकलात. "तुमी इचारलंच नाई, मास्तर. तुमी सांगतलं."

यात टोमणा नव्हता. हवामान सांगावं तसं तुम्ही ते सांगितलंत. मी तेव्हा म्हणायला हवं होतं ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तुमच्या सूनबाई चहा घेऊन आल्या, तुम्ही त्यांना साखर कमी झाल्याचं सांगितलंत, आणि ते वाक्य तसंच राहिलं. क्षमा मागण्याऐवजी मी दुरुस्तीची भाषा बोललो, कारण मला तीच येते. म्हणालो, "मी हे पुन्हा उलटं करून घेतो. तुम्हीच करा. होतं तसं."

तुम्ही व्हायोलिन मागितलंत. कडेवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेलं. "सरस नाई हा. याले उघडाचं म्हणजे फोडाचं."

"फुटलं तरी चालेल."

"कोणाले चालीन? थो तं गेला. आता कोणासाठी उलटं करता?"

मी कडेचा जोड बोटाने दाखवला.

"तुमच्या मनासाठी लाकूड काऊन फोडता, मास्तर? लाकडानं काय केलं?"

हा आपला शेवटचा मोठा वाद. मी म्हणत राहिलो की चूक तशीच ठेवणं मला सहन होणार नाही. तुम्ही म्हणत राहिलात की वाजवणारा नसेल तर उलटं काय आणि सुलटं काय. शेवटी कंटाळून तुम्ही अट घातलीत: "आधी तुमी उलट्या हातानं वाजवून दाखवा. वाजवणारा झाला तं मी उघडून पाहीन. फुटलं तं फुटलं." आणि शालिकभाऊ नातवंडांसाठी वाजवायचे ती पाळण्याची चाल तुम्ही मला गुणगुणून दाखवलीत. तीन ओळींची चाल. तुमच्या गळ्यात सूर नव्हता, म्हणून घरी येऊन मी आधी ती शुद्ध करून लिहून काढली. हेही नोंदवून ठेवतो.

शाळेतल्या एका जुन्या व्हायोलिनच्या तारा उलट्या लावून मी शिकायला बसलो. चाळीस वर्षं वाजवणारा माणूस आठवडाभर एक सूर सरळ काढू शकत नव्हता. डावा हात गज ओढताना कापायचा, उजव्या हाताची बोटं तारेवर कुठे पडावीत हे विसरायची. रोज पहाटे दार लावून बसायचो, विद्यार्थ्यांनी ऐकू नये म्हणून. तीन महिन्यांत चाल ओळखू येण्याइतपत झाली. सहा महिन्यांत तिच्यात मींड येऊ लागली. तिसऱ्या ओळीतला गंधार मात्र दर वेळी किंचित चढायचा. तो नीट लागला की अमडापूरला जायचं, असं मी ठरवलं.

तुमचे फोन यायचे.

"झालं का मास्तर?"

"अजून सूर लागत नाही मिस्त्री."

"कोणाले ऐकवाचं हाय? मी तं बहिरा होऊन राह्यलो."

"थोडे दिवस द्या."

"हो. घ्या बाप्पा," तुम्ही म्हणायचात, जणू दिवस तुमच्या शेडमध्ये फळ्यांसारखे रचून ठेवले होते.

शेवटच्या फोनवर तुम्ही विचारलं नाहीत. पावसाचं बोललात, दिलीपच्या नव्या मशीनचं बोललात. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. चौदा महिने झाले होते आणि गंधार अजून चढत होता. त्यानंतर अकराव्या दिवशी दिलीपचा फोन आला.

तेरवीला मी पंगतीत वाढलं आणि परत निघालो. ओसरीवर पंचफुलाबाई बसल्या होत्या. शालिकभाऊंच्या पत्नी, तुमच्या वहिनी, ज्यांचा आरसा तुम्ही अडवला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना नमस्कारापलीकडे बोललो नव्हतो. त्यांनीच हाक मारली.

"ते तुनतुनं तुमच्यापाशी हाय म्हणतात?"

"आहे, बाई."

"मीच तं देऊन टाकलं होतं ते. हे गेल्यावर रोज डोळ्यासमोर दिसे. भांडेवाली आली, नव्या भांड्यावर, एका गंजावर देऊन टाकलं. भाऊजी महिनाभर बोलले नाई माह्याशी." मग म्हणाल्या, "गंज चांगला निघाला पण. अजून त्याच्यातच चहा होते."

मी विचारलं, "ऐकायचंय का तुम्हाला?" हे विचारताना मला गंधार आठवला नाही. बहुधा प्रथमच.

"आणा मंग बाजाराच्या दिवशी. माणसं असतात घरी."

काल बाजार होता. आदल्या दिवशी मी तुमच्या त्या व्हायोलिनच्या तारा उतरवून उलट्या लावल्या. एक-एक करून, कारण सगळ्या एकदम काढल्या की टेकू पडतो, हे तुम्हीच शिकवलंत. तो चिकटवलेला नसतो, दोन्हीकडून दाब असतो म्हणून उभा असतो. तेव्हा आता त्याची अवस्था अशी आहे: तारा शालिकभाऊंच्या हाताच्या, पोटातलं माझ्या अकलेचं. आवाज अर्थातच नीट येत नाही. खर्ज पुन्हा किरटा झाला आहे.

ओसरीवर सतरंजी टाकली होती. पंचफुलाबाई, दिलीप, त्याची पत्नी, शेजारची दोन-चार माणसं. मी मांडी घातली, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवणार होतो, सवयीने. मग लक्षात आलं आणि ते डाव्या पावलावर टेकवलं. पाळण्याची चाल वाजवली. पहिली ओळ बरी गेली. दुसरीत गज घसरला. तिसरीत गंधार चढला, नेहमीपेक्षा जास्त चढला, आणि मी डोळे मिटून घेतले.

चाल संपली. शेजारचे एक आजोबा खोकले. मग पंचफुलाबाई म्हणाल्या, "चाल चुकली तुमची."

"हो, बाई."

"पण बेसूर बराबर त्याइच्यासारखं वाजवता."

दिलीपला हसू आवरेना. त्या त्याच्यावर खेकसल्या, "दात काय काढतं बे? बोटं तुटल्यावर कायचा सूर? पूर्वी गोड वाजवत म्हणे, ते मी कोठी ऐकलं? माह्या लग्नात हात पट्टी बांधलेलाच होता. मी हेच ऐकलं. नातवं झोपत पण याच्यावर." मग माझ्याकडे वळून, पदराने तोंड पुसत, "भाऊजी तिकडे शेडमंधी रंधा थांबवून ऐकत. म्हणत, वहिनी, शालिकचं आज बरं लागून राह्यलं. कायचं बरं लागते! पण म्हणत."

मिस्त्री, म्हणजे शालिकभाऊ बेसूर वाजवत हे तुम्हाला ठाऊक होतं. "कोणाले ऐकवाचं हाय" असं तुम्ही दर वेळी म्हणायचात, तेव्हा तुम्ही मला उशीर करू नका एवढंच सांगत होतात. तुमची अट सुराची नव्हतीच. तुम्ही म्हणाला होतात, वाजवून दाखवा. नीट वाजवून दाखवा, हे मी घरी जाऊन जोडलं, जशी तुमच्या गोष्टीला मी कबुली जोडली होती. तीन महिन्यांनी आलो असतो तरी तुम्ही रंधा थांबवला असता. तेव्हापासून तुमच्याकडे अकरा महिने होते.

निघताना दिलीपने व्हायोलिन हातात घेऊन पाहिलं. त्याचा अंगठा तुमच्यासारखाच कडेवरून फिरला. म्हणाला, "सर, बाबांनी सांगून ठेवलं होतं मले. मास्तर वाजवाले लागले तं उघडून दे म्हणे, मी नसलो तरी. माह्यापाशी गरम हवेची मशीन हाय. फुटीन कदाचित, पण पाहू. उघडू काय?"

बावीस वर्षांपूर्वी मी तुम्हाला म्हणालो होतो, दुरुस्त करून द्या, आणि तुम्ही नाही म्हणाला होतात. काल तुमचा मुलगा मला विचारत होता, आणि मी नाही म्हणालो. लाकडाने काही केलेलं नाही. पंचफुलाबाईंना आतला वासा कुठल्या बाजूला आहे याच्याशी देणंघेणं नाही. त्यांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं. तुमचा टेकू मी हलवला, तो हललेलाच राहील, आणि कोणी आरसा घालून पाहिलं तर त्याला चूक दिसेल. ती कोणाची, हे आता लिहून ठेवलं आहे.

जे वाक्य मी चहाच्या कपापाशी गिळलं, ते असं होतं: मिस्त्री, तुम्ही बरोबर केलं होतं आणि मी चुकलो. आठ शब्द. तेही मी सव्वा वर्ष सुरात लावत बसलो.

पंचफुलाबाईंनी पुढच्या बाजाराला बोलावलं आहे, चाल त्या सांगणार आहेत. "येता ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. सूर लागला की येतो, असं या वेळी म्हणालो नाही.